हुकूमशहा निवडणूक घेतो कशाला, आणि चोरी पकडली जाते कुठे?

ऐरोलीत आयटी कंपनीत काम करणाऱ्या एका तरुणाने विचारलंय: "रशिया, बेलारूस, व्हेनेझुएलात निकाल आधीच ठरलेला असतो म्हणतात. मग निवडणुकीचा एवढा खर्च आणि तमाशा कशाला? मतदान गुप्त असतं, तर चोरी झाली हे जगाला कळतं कसं? आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणीतरी टाकतं की आपलंही आता तसंच झालंय. त्याला काय सांगावं?"

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नाही. ठाणे जिल्ह्यात शिक्षक होतो, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी काही चुकली नाही. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष, आणि पुढे बरीच वर्षं नव्या केंद्राध्यक्षांना प्रशिक्षण देणारा. परदेशातल्या निवडणुकांच्या बातम्याही मी त्याच सवयीने वाचतो. मतदान संपून दार बंद झालं, त्यानंतर कागद कोणाच्या हातात गेला, हे आधी बघतो. माझ्या उत्तराचा कलही तिकडेच जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. जुन्या पद्धतीचे हुकूमशहा लोकांना पटेल असा आकडा देण्याच्या भानगडीत पडत नसत. लायबेरियात १९२७ साली नोंदलेले मतदार १५ हजारांच्या आसपास होते, आणि अध्यक्ष चार्ल्स किंग यांना मतं पडली २ लाखांहून जास्त. इराकमध्ये ऑक्टोबर २००२ मध्ये सद्दाम हुसेन यांच्यासाठी सार्वमत झालं. जाहीर झालेला निकाल असा की १,१४,४५,६३८ मतदार, सगळ्यांनी मतदान केलं आणि सगळ्यांनी 'हो' म्हटलं. आजारी कोणी नाही, परगावी कोणी नाही, एकही मत बाद नाही. हा आकडा कोणाला खरा वाटावा म्हणून नव्हताच. "मी असा आकडा देऊ शकतो आणि तुम्ही काही करू शकत नाही" हे सांगण्यासाठी तो होता.

आजचे राज्यकर्ते जरा हुशार आहेत, पण निवडणूक घेण्यामागचं मुख्य कारण फारसं बदललेलं नाही. ती त्यांच्याच यंत्रणेची हजेरी असते. कोणता गव्हर्नर सांगितलेला टक्का आणून देतो, कोणत्या कारखान्याचा मॅनेजर कामगारांना बसमध्ये घालून केंद्रावर आणतो, कोण हात आखडता घेतो, हे एका दिवसात कळतं. विरोधकांची माणसं उघड्यावर येतात, त्यांची यादी आयती मिळते. आणि काठावरच्या माणसाला वाटायला लागतं की सगळे त्याच्याच बाजूचे आहेत, आपण एकटेच वेगळे. परदेशी बँका आणि पाहुणे यांच्यासमोर मिरवायला मिळतं ते वेगळंच.

इथे शिक्षक म्हणून मला एक गोष्ट खुपते. रशियातही मतदान केंद्रं शाळांमध्ये असतात आणि केंद्राच्या समितीवर बहुतेक ठिकाणी शिक्षकच असतात. म्हणजे माझेच जातभाई. फरक असा की तिथे वर्षानुवर्षं त्याच शाळेतले शिक्षक, त्यांच्या डोक्यावर तेच मुख्याध्यापक, आणि मुख्याध्यापकांची नोकरी स्थानिक प्रशासनाच्या मर्जीवर. आपल्याकडे आदल्या दिवशी साहित्य वाटपाला गेल्याशिवाय आपलं केंद्र कोणतं हे कळत नाही, सोबतचे तिघे बहुधा पहिल्यांदाच भेटतात, आणि कोण कुठे जाणार ते संगणक ठरवतो. लोक याला त्रास म्हणतात, मीही ऐन उन्हाळ्यात म्हटलंय. पण ओळख नसलेल्या चार माणसांना एकत्र येऊन खोटं करणं अवघड जातं. व्यवस्था त्यासाठीच तशी आहे.

आता चोरी. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पेटीत गठ्ठ्याने कोंबलेल्या मतपत्रिका येतात. तसं होतं, व्हिडिओही निघतात. पण तो कच्चा मार्ग आहे. मुरलेला राज्यकर्ता दोन ठिकाणी काम उरकतो: मतदानाच्या खूप आधी, आणि केंद्रावरची मोजणी संपल्यानंतर बेरीज होते तिथे.

आधीचं काम म्हणजे समोर कोण उभं राहणार हे ठरवणं. बेलारूसमध्ये २०२० साली अध्यक्ष अलेक्झांडर लुकाशेंको यांच्यासमोरच्या तीन मोठ्या नावांपैकी दोघे तुरुंगात गेले आणि तिसऱ्याची उमेदवारीच मंजूर झाली नाही. तुरुंगातल्या एकाची बायको, स्वेतलाना तिखानोव्स्काया, उभी राहिली. तिला उभं राहू दिलं, कारण ही बाई काय करणार असं त्यांना वाटलं. रशियात २०२४ साली युद्धाला विरोध करणारे बोरिस नादेझदिन यांच्या अर्जासोबतच्या सह्यांपैकी ९ हजारांहून जास्त सह्या सदोष ठरवल्या आणि त्यांचं नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. सेंट पीटर्सबर्गला २०२१ मध्ये तर कमालच झाली. बोरिस विश्नेव्स्की या विरोधी उमेदवारासमोर आणखी दोन बोरिस विश्नेव्स्की उभे राहिले. नावं बदलून घेतलेले, आणि फोटोत तशीच दाढी, तसंच टक्कल.

हसू नका, नावसारख्या उमेदवाराची युक्ती आपल्या शेजारच्या रायगडातही माहीत आहे. २०१४ च्या लोकसभेला तिथे सुनील तटकरे साधारण २ हजार मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला १० हजारांच्या आसपास मतं पडली. पण आपल्याकडे ही एखाद्या मतदारसंघातली लबाडी म्हणून राहते. जिथे फोटोतली दाढीसुद्धा जुळवून येते आणि निवडणूक आयोग डोळे मिटून घेतो, तिथे प्रकरण वेगळं आहे.

यातून एक गोष्ट मान्य करावी लागते. उमेदवारच उभा राहू दिला नसेल, तर पुढची मोजणी कितीही चोख असली तरी उपयोग शून्य. माझं कागद तपासण्याचं ज्ञान तिथे लागू पडत नाही. मी पुढे जे सांगतोय ते अशा निवडणुकांबद्दल, जिथे राज्यकर्त्याचा हिशेब चुकतो आणि लोक खरोखर त्याच्या विरोधात मतदान करून बसतात.

तेव्हा त्याची अडचण सुरू होते. हजारो केंद्रांवर हजारो माणसांनी मतं मोजलेली असतात. ती सगळी एका रात्रीत फिरवता येत नाहीत. म्हणून तो बेरीज फिरवतो. आणि केंद्रनिहाय आकडे बाहेर येऊ देत नाही, कारण ते आले की कोणीही बसून बेरीज करू शकतो.

व्हेनेझुएलात २८ जुलै २०२४ ला हेच झालं. मध्यरात्रीच्या सुमारास तिथल्या निवडणूक परिषदेने ८० टक्के मोजणी झाल्याचं सांगून सत्तेवरच्या निकोलस मादुरो यांना विजयी घोषित केलं. आकडे असे: एकूण मतं १,००,५८,७७४. मादुरो ५१,५०,०९२. विरोधी एदमुंदो गोन्साळेस ४४,४५,९७८. बाकीचे सगळे मिळून ४,६२,७०४. तुम्ही आयटीतले आहात, कॅल्क्युलेटर घ्या. टक्के येतात ५१.१९९९९७, ४४.१९९९९९ आणि ४.६००००४. म्हणजे एक मतसुद्धा इकडचं तिकडे न होता ५१.२, ४४.२ आणि ४.६. खऱ्या मोजणीत टक्केवारीला असलं वळण नसतं. इतक्या मतांत एका दशांशावर अचूक बसणारा आकडा साधारण दर १० हजार मतांनंतर एकदा येतो. दोन उमेदवारांचे आकडे एकाच वेळी असे बसण्याची शक्यता दहा कोटींत एक. गवळ्याने आधी बिलाची रक्कम ठरवावी आणि मग तीत बसतील तेवढे लिटर वहीत लिहावेत, असा तो प्रकार.

तरी मी एवढ्यावरून शंभर टक्के निकाल देणार नाही. असंही असू शकतं की कोणा कारकुनाच्या हातात फक्त गोल टक्के होते आणि घोषणेसाठी त्याने गुणाकार करून मतं काढली. पण मग प्रश्न उरतोच की मोजलेली मतं कुठे होती? परिषदेने केंद्रनिहाय आकडे प्रसिद्धच केले नाहीत.

ते प्रसिद्ध केले विरोधकांनी. तिथे मतदान यंत्रावर होतं आणि मतदान संपल्यावर यंत्रातून केंद्रातल्या त्या टेबलाच्या निकालाची लांबलचक पट्टी छापून निघते. तिच्यावर क्यूआर कोड असतो, कर्मचारी आणि पक्षांचे प्रतिनिधी सह्या करतात, आणि प्रतिनिधीला प्रत मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. विरोधकांच्या नेत्या मारिया कोरिना माचादो यांना स्वतःला उभं राहायला बंदी होती, पण त्यांच्या माणसांनी महिनोन् महिने एकच तयारी केली: प्रत्येक टेबलावर आपला माणूस, आणि पट्टी घेतल्याशिवाय त्याने उठायचं नाही. ८० टक्क्यांहून जास्त पट्ट्या त्यांनी गोळा केल्या, स्कॅन केल्या आणि सगळ्यांना बघायला खुल्या केल्या. त्यांच्या बेरजेत गोन्साळेस यांना मादुरोंच्या दुपटीहून जास्त मतं होती. निरीक्षणाला गेलेल्या कार्टर सेंटर या अमेरिकी संस्थेने ही निवडणूक लोकशाही म्हणवून घेण्यालायक नसल्याचं सांगितलं.

यातली एक गोष्ट आपल्याकडच्या 'यंत्र की कागद' या भांडणात कोणी लक्षात घेत नाही. व्हेनेझुएलात राज्यकर्ता पकडला गेला तो यंत्रामुळे. बेलारूसमध्ये कागदी मतपत्रिका होत्या आणि तिथे चोरी सुखाने झाली. मत कशावर नोंदलं याच्या इतकंच, खरं तर त्याहून जास्त, महत्त्व याला आहे की केंद्र सोडण्यापूर्वी आकड्याची सही केलेली प्रत हरणाऱ्याच्या माणसाच्या खिशात गेली का. म्हणूनच ऑनलाइन मतदानाबद्दल मला संशय आहे. मॉस्कोत २०२१ मध्ये काही मतदारसंघांत विरोधी उमेदवार कागदी मतांत पुढे होते आणि ऑनलाइन मतं मिळवल्यावर मागे पडले. त्या मतांना ना खोली, ना टेबल, ना प्रतिनिधी. सही कोणाची घेणार?

बेलारूसच्या लोकांना पट्टी मिळणार नव्हती, म्हणून त्यांनी वेगळी वाट काढली. मतदाराने आपल्या मतपत्रिकेचा फोटो काढून 'गोलोस' नावाच्या नागरी व्यासपीठावर पाठवायचा. ५ लाखांहून जास्त फोटो आले. मग कित्येक केंद्रांवर असं दिसलं की तिखानोव्स्कायांना जाहीर निकालात जेवढी मतं दाखवली, त्याहून जास्त मतपत्रिकांचे फोटो त्याच केंद्रावरून आलेत. याला उत्तरच नव्हतं. अधिकृत निकाल मात्र लुकाशेंको ८० टक्के, तिखानोव्स्काया १०. जाता जाता सांगतो, हा उपाय सरसकट चांगला म्हणता येत नाही. मताचा फोटो काढता येतो तिथे साहेबही उद्या म्हणतो, "दाखव, कोणाला दिलंस." आपल्याकडे मतदान कक्षात मोबाइलला बंदी आहे ती याचसाठी. प्रशिक्षणात या नियमावर कुरकुर झाली की मी हेच उदाहरण द्यायचो.

झिम्बाब्वेची गोष्ट मला याहून शिकण्यासारखी वाटते. २००८ च्या निवडणुकीआधी कायद्यात एक साधी तरतूद आली, की केंद्रावरच मोजणी करायची आणि निकालाचा तक्ता केंद्राच्या बाहेर चिकटवायचा. तेव्हाचे अध्यक्ष रॉबर्ट मुगाबे यांच्या लोकांना त्यात धोका दिसला नसावा. विरोधकांनी गावोगावच्या भिंतींवरचे तक्ते मोबाइलने टिपले आणि बेरीज केली. अध्यक्षपदाचा निकाल सरकारने महिन्याहून जास्त काळ दाबून ठेवला. शेवटी जाहीर केला तेव्हाही विरोधी उमेदवार मॉर्गन त्स्वांगिराई पुढे आहेत हे कबूल करावं लागलं, ४७.९ टक्के विरुद्ध ४३.२. अर्ध्याच्या वर कोणी नाही म्हणून दुसरी फेरी लागली. त्या फेरीआधी विरोधकांच्या माणसांना इतकी मारहाण झाली, इतके खून पडले, की त्स्वांगिराईंनी माघार घेतली आणि मुगाबे निवडून आले.

म्हणजे चोरी पकडणं आणि सत्ता बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी गोष्ट कागदाच्या हातात नसते. फिलिपिन्समध्ये फेब्रुवारी १९८६ मध्ये निवडणूक आयोगाच्या संगणकांवर बसलेले कर्मचारी उठून बाहेर आले, कारण ते भरत होते ते आकडे आणि फलकावर दिसणारे आकडे जुळत नव्हते. महिना संपायच्या आत तिथले हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस देश सोडून गेले. त्यात सैन्यातल्या फुटीचा आणि रस्त्यावर उतरलेल्या लाखो लोकांचा वाटा मोठा होता. चिलीत हुकूमशहा ऑगस्तो पिनोशे यांना पुढे सत्तेवर ठेवायचं का, 'हो' की 'नाही', अशा १९८८ च्या सार्वमतात विरोधकांची स्वतःची मोजणी तयार होती, पण निकाल मान्य झाला तो पिनोशे यांच्याच सोबतच्या एका जनरलने 'नाही'वाले जिंकले असं पत्रकारांसमोर बोलून टाकल्यावर. बंदूकवाले कोणत्या बाजूला झुकतात, हे आधी सांगता येत नाही.

आणि उलटी बाजूही ध्यानात ठेवा. म्यानमारमध्ये नोव्हेंबर २०२० ची निवडणूक आंग सान सू ची यांच्या पक्षाने प्रचंड बहुमताने जिंकली. सैन्याने आरडाओरडा केला की मतदार याद्यांत मोठा घोटाळा आहे, आणि १ फेब्रुवारी २०२१ ला सत्ता बळकावली. घोटाळ्याची ओरड हेही हुकूमशहाचं हत्यार असू शकतं. ओरडणाऱ्याकडे केंद्राचं नाव आणि आकडा मागायचा तो एवढ्याचसाठी.

इंटरनेटवर आणखी एक प्रकार फिरतो तो आलेखांचा. रशियातल्या मतदानाच्या टक्केवारीचा आलेख काढला तर ७०, ७५, ८०, ८५ अशा गोल आकड्यांवर सुळके दिसतात. सर्गेई श्पिल्किन या भौतिकशास्त्रज्ञाने हे वर्षानुवर्षं दाखवलं. माझ्या मते हा पुरावा दमदार आहे, कारण खालच्या अधिकाऱ्याला "७५ आणा" म्हटलं की तो ७५ च आणतो. पण हीच फूटपट्टी कुठेही लावू नका. "या केंद्रावर एकाच उमेदवाराला ९० टक्के, म्हणजे घोटाळा" असे संदेश दर निवडणुकीनंतर येतात. ठाण्यात राहणाऱ्याला तरी हे समजावून सांगायला नको. नौपाडा आणि मुंब्रा यांच्यात गाडीने अर्ध्या तासाचं अंतर, पण दोन्हीकडचे केंद्रनिहाय निकाल शेजारी ठेवले तर एकाच शहराचे वाटणार नाहीत. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये मतदान कमी आणि वागळे इस्टेटच्या चाळींत जास्त, यातही गूढ काही नाही. एका वस्तीने एका बाजूला कौल दिला तर ते संशयाचं कारण नाही. कौल गोल आकड्यांवरच येऊन थांबायला लागला तर आहे.

आता सोसायटीचा ग्रुप. आपल्याकडे खरोखरची हुकूमशाही असताना झालेली निवडणूक एकच, १९७७ ची. आणीबाणी उठलेली नव्हती, लोकसभेची मुदत आधीच वाढवून घेतलेली, विरोधक महिनोन् महिने तुरुंगात. १८ जानेवारीला निवडणूक जाहीर झाली, मार्चमध्ये मतदान झालं, आणि इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत हरल्या. काँग्रेस १५४ वर आली. आपल्या ठाण्यातून रामभाऊ म्हाळगी निवडून गेले, तेही आणीबाणीत तुरुंगात होते. सेन्सॉरशिपमुळे बाईंपर्यंत खरी खबरच पोचली नाही हे कारण सगळे सांगतात, आणि ते खरं आहे. मी त्यात एक भर घालतो. मोजणीच्या टेबलाशी प्रतिनिधी बसवायची सवय तोपर्यंत पंचवीस वर्षं मुरलेली होती. वर काहीही बदललं तरी खालची माणसं त्याच सवयीने वागली.

म्हणून "आपलंही तसंच झालंय" याला माझं उत्तर "नाही", पण निर्धास्त "नाही" नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलला आणि केंद्रावरच्या सीसीटीव्ही चित्रीकरणासारख्या गोष्टी सामान्य माणसाला तपासता येईनाशा झाल्या. हा बदल मला पटलेला नाही. प्रामाणिक यंत्रणेला झाकाझाकीचा फायदा काहीच नसतो, संशय मात्र वाढतो. मतदार याद्यांबाबतही माझं म्हणणं तेच: झाकाझाकी नको. आणि तुमच्या नवी मुंबईत महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. कारणं करोनाची आणि कोर्टाची होती, कोणा हुकूमशहाची नव्हे. पण एवढा काळ निवडणूक नाही याबद्दल तुमच्या ग्रुपवर किती संदेश पडले, ते एकदा बघा.

दुसऱ्या बाजूला, जी पट्टी व्हेनेझुएलाच्या लोकांनी जिवावर उदार होऊन मिळवली, तिच्यासारखी गोष्ट आपल्याकडे मागितली की मिळते. तिचं नाव फॉर्म १७ सी. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष प्रतिनिधींसमोर 'क्लोज' बटण दाबतो, 'टोटल'चा आकडा १७ ए नोंदवहीतल्या (मत द्यायला आलेल्यांची नोंद) शेवटच्या क्रमांकाशी ताडतो, आणि १७ सी भरून प्रत्येक प्रतिनिधीला प्रत देतो. त्यात उमेदवारनिहाय मतं नसतात, कारण मोजणी नंतर होते. पण या केंद्रावर किती मतं पडली हे पक्कं होतं. मोजणीनंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय, उमेदवारनिहाय आकडे येतात आणि ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर बघता येतात. दोन्हींतली एकूण मतं जुळली पाहिजेत. जुळली नाहीत तर कारण विचारायचं. सकाळच्या अभिरूप मतदानाची, म्हणजे यंत्र तपासायला घेतलेल्या चाचणीची, मतं पुसायची राहून गेली, असं साधं कारणही असतं.

दुखणं असं आहे की हा हक्क कोणाला नकोच असतो. माझ्या केंद्रांवर संध्याकाळी पाचच्या सुमाराला प्रतिनिधी यायचे: "सर, सही आत्ताच घ्या ना, आम्हाला निघायचंय." कोरा फॉर्म पुढे सरकवायचे. मी नाही म्हणायचो, तर चेहरे पडायचे. काही जण तसेच उठून जायचे. त्यांच्या प्रती माझ्या पाकिटातच राहायच्या.

तेव्हा ग्रुपवर पुढच्या वेळी "सगळं हॅक केलंय" आलं की तीन गोष्टी विचारा: केंद्र कोणतं, १७ सी मध्ये आकडा किती, फॉर्म २० मध्ये किती. आणि खरंच काही करायचं असेल तर पुढच्या लोकसभा-विधानसभेला तुमच्या मतदारसंघातल्या कोणत्याही उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी व्हा. लहान पक्ष आणि अपक्ष माणसं शोधतच असतात. महापालिकेची पद्धत थोडी वेगळी आहे, तिथे राज्य निवडणूक आयोग असतो आणि मताची कागदी चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट नसतं, पण बसायचं काम तेच. अभिरूप मतदान चुकवू नका, ते मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी असतं. डबा, पाणी आणि पेन जवळ ठेवा. शेवटपर्यंत बसा, प्रत घ्या, आणि त्याच रात्री ती उमेदवाराच्या मतमोजणी प्रतिनिधीकडे पोचवा. कंट्रोल युनिटचा (यंत्राचा मतं साठवणारा भाग) क्रमांक, सीलचे क्रमांक आणि एकूण मतं मोजणीच्या टेबलावर ताडून बघायला त्याला ती लागते.